दुसरी वायर

नर्सनं विचारलं होतं आणि "नको" मी म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझा उगाच पुळका यायला नको.

मी हृदयाची डॉक्टर. शिक्षण पुण्यात, नोकरी गेली नऊ वर्षं आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत. राहते नावनला, काम डब्लिनला. हुद्दा रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालची. चाळिशी उलटली तरी हाताखालचीच, आणि त्यावर मला काही विचारू नका, डोकं फिरतं. कोणतं हॉस्पिटल तेही सांगणार नाही. तिथली माणसं भली आहेत आणि जे झालं ते त्यांच्यामुळे झालेलं नाही.

ते झालं सरांमुळे आणि माझ्यामुळे. सर म्हणजे आमचे कन्सल्टंट. पुण्यात मी एमडी करत होते तेव्हा ते आमच्याच कॉलेजात शिकवायचे. पुढे ते इकडे आले आणि काही वर्षांनी मलाही त्यांनीच इकडे बोलावून घेतलं. लॅबमध्ये, म्हणजे जिथे आम्ही अँजिओप्लास्टी करतो तिथे, सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, अगदी ट्रॉली ढकलणारा पोर्टरसुद्धा. मला नऊ वर्षांत ते एकदाही जमलं नाही. त्यांचा फोन आला की मी घरातसुद्धा उभी राहून बोलते. माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, पण उत्तर इथल्या इंग्लिशमध्ये येतं. ती एकदा म्हणाली, "आई, ते फोनवर आहेत. तू उभी आहेस की बसलीस, त्यांना कुठे दिसतंय?" मी तिला गप बस म्हटलं आणि उभीच राहिले.

आमच्या कॉलेजात एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या अंगी मुरायची. सिस्टरनं सरांना काही विचारलं तर उत्तर रेसिडेंटनं द्यायचं. प्रश्न सरांपर्यंत पोचूच द्यायचा नाही. चार लोकांत सरांना काही विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं, आणि ती शंका मधल्या मधे झेलायची ती आम्ही. ज्याला झेलणं चांगलं जमायचं तो सरांचा लाडका. मी फार लाडकी होते.

तर तो पेशंट. किलकेनीच्या बाजूच्या एका गावात शाळेची बस चालवायचा. वय अठ्ठावन्न, हात हे एवढे मोठे, आवाज अगदी हळू. एक अटॅक आधी येऊन गेला होता, त्यात हृदयाची मागची भिंत कमजोर झाली होती. तरी तो सावरून पुन्हा बसवर गेला. आता पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत ब्लॉक निघाला होता आणि चढावर चाललं की छाती दुखायची, म्हणून बस थांबली होती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याची सही घ्यायला गेले. धोके सांगितले, सगळे, पाठ असल्यासारखे. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शाळा उघडेपर्यंत मी बसवर परत असेन ना?"

शाळेची बस चालवायला हृदयाचं काम ठरावीक पातळीच्या वर लागतं, नाहीतर लायसन्स मिळत नाही. त्याचं वर होतं, थोडंसंच. मी म्हटलं, "असाल की." त्याची बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, घरात हा माणूस मला नकोय बाई, दिवसभर माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमधली भांडी इकडची तिकडे लावत बसतो. प्रेस म्हणजे इथलं कपाट. आम्ही तिघंही हसलो.

आता थोडं आमच्या कामाबद्दल, फार नाही. त्याचा ब्लॉक बरोबर अशा जागी होता, जिथून मोठ्या रक्तवाहिनीला एक फाटा फुटत होता. अशा जागी स्टेंट फुलवला की नळीतला मऊ चिखल बाजूला सरकतो आणि फाट्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. फाटा बंद झाला की त्याच्यावर जगणारा हृदयाचा तुकडा मरतो. म्हणून स्टेंट टाकायच्या आधी फाट्यात एक वेगळी वायर सरकवून ठेवायची. केसाएवढी बारीक असते. तोंड दाबलं गेलं तरी वायरच्या आधारानं थोडी वाट उघडी राहते, आणि परत आत कुठून शिरायचं ते दिसतं. काम झालं की ओढून काढायची. पाच मिनिटं लागतात, कधी दहा. फाटा बारीक, बिनमहत्त्वाचा असेल तर कुणी एवढा उपद्व्याप करत नाही.

त्याचा फाटा बारीक नव्हता. मी आदल्या दुपारीच कॉम्प्युटरवर अँजिओग्राफी लावून मोजला होता. चांगला अडीच मिलिमीटरचा, लांबलचक, आणि मागची भिंत आधीच गेलेली असल्यामुळे त्या माणसाचं बरंचसं या फाट्यावरच चाललेलं. मी प्रत्येक केस आधी मोजून ठेवते, ती माझी खोड आहे. सकाळी सरांना सांगायचं असं ठरवलं होतं.

सकाळी सर हात धुता धुता म्हणाले, "सरळ केस आहे गं. एक स्टेंट, पंधरा मिनिटांत उरकू."

आणि मी म्हणाले, "हो सर."

काय झालं होतं माझ्या तोंडाला? दातखीळ बसली होती? नाही हो. सरांनी मनात एक चित्र काढलं होतं आणि ते खोडणारी मी कोण, एवढंच. मी स्वतःला सांगितलं की टेबलावर चित्र समोर आलं की सरांना दिसेलच.

टेबलावर आम्ही दोघं मराठीत बोलतो. बोलायचो, असं म्हणायला हवं. हळू आवाजात, कामाचंच. बाकीच्यांना त्यात काही खटकायचं नाही, निदान तसं कुणी कधी म्हटलं नाही. पेशंट जागा असतो, मनगटातून सगळं चालतं. सरांनी मोठ्या रक्तवाहिनीत वायर घातली, बलून फुगवून जागा केली. पडद्यावर फाटा दिसत होता, मला तर दुसरं काहीच दिसत नव्हतं. सर स्टेंट मागणार तेवढ्यात आमची नर्स, वीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलेली, तिनं दुसऱ्या वायरचं पाकीट उचललं आणि सरांकडे बघून स्वच्छ आवाजात विचारलं, "फाट्यात एक टाकून ठेवायची का?"

अगं बाई, किती सोपं होतं! तिनं मोजलं नव्हतं की काही नाही. डोळ्यांना दिसलं, विचारलं. इथे सगळे असंच विचारतात, आणि कुणाचा अपमान होत नाही.

सर मान खाली घालून वायर सांभाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. आणि माझ्या आतलं ते पुण्याचं मशीन चालू झालं. सगळ्यांसमोर सरांना विचारते म्हणजे काय? मी पटकन म्हणाले, "नको, वी आर ग्रँड." म्हणजे ठीक आहे, गरज नाही. तिनं एक क्षण माझ्याकडे बघितलं, पाकीट परत ठेवलं आणि आपल्या वहीत वेळ लिहिली.

सरांनी स्टेंट फुलवला. पुढच्या चित्रात फाटा नव्हता. बारीक झाला, अर्धा झाला, असं नाही. नव्हताच. जिथून तो फुटत होता तिथे काहीच फुटत नव्हतं.

पुढचा सव्वा तास मला सलग आठवत नाही. पेशंट म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय." मग तो काही म्हणेनासा झाला, नुसता कण्हत राहिला. सर स्टेंटच्या जाळीतून वायर आत घालायचा प्रयत्न करत होते. तोंड सापडेना. तिथे आधी वायर असती तर तिच्या कडेकडेनं जाता आलं असतं. एक वायर, दुसरी, तिसरी. ज्या पाकिटाला मी नको म्हटलं होतं, ते नर्सनं सगळ्यात आधी फोडून दिलं, काही न बोलता. मधे एकदा हृदय बंद पडलं, शॉक द्यावा लागला. तो शुद्धीवर आला तेव्हा घाबरून माझ्याकडे बघत होता, कारण डोक्याच्या बाजूला मी उभी होते. मी त्याचा हात धरला.

फाटा उघडला नाही. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पुढच्या भिंतीचा मोठा तुकडा हलतच नव्हता. बस संपली. ते सांगायला सर स्वतः गेले, मी मागे उभी होते. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फाट्यात संरक्षणाची वायर टाकायला हवी होती. मी टाकली नाही. निर्णय माझा होता आणि तो चुकला." बायको रडायला लागली. त्यानं सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाला की सरळ सांगितलंस, बरं केलंस.

महिनाभरानं खात्याची मीटिंग झाली. नर्सनं वहीतून वाचून दाखवलं: अमुक वाजता दुसरी वायर देऊ केली, नको असं सांगण्यात आलं. कुणी सांगितलं, असं अध्यक्षांनी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, खरंच उघडणार होते, तेवढ्यात सर म्हणाले, "मी. टेबलावरचा निर्णय माझाच असतो."

मला रडू फुटायचं बाकी होतं. सरांनी तो प्रश्न ऐकलाच नव्हता, असं मला पक्कं वाटत होतं. ऐकला असता तर त्यांनी मान वर केली असती, पडद्याकडे बघितलं असतं, वायर टाकली असती. माणूस तसा आहे तो, हट्टी नाही. आणि न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर ते स्वतःच्या अंगावर घेत होते, माझ्यासाठी. त्यानंतर त्यांनी कठीण केसेस दुसऱ्यांकडे द्यायला सुरुवात केली. कॅन्टीनमध्ये एकटे बसायला लागले. मी रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज "येते सर" म्हणून घरी यायचे. स्वतःचाच इतका संताप यायचा की नावनपर्यंत गाडीत मी मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या घालत जायचे.

शेवटी सांगितलं ते सरांना नाही. पेशंटला सांगितलं. जुलैच्या शेवटी तो तपासणीला आला. पाय सुजलेले, दोन जिने चढवत नव्हते. खोलीत तो, बायको आणि मी. मी दार लावलं आणि सगळं ओकले. नर्सनं विचारलं होतं, नको मी म्हणाले, डॉक्टरांनी ऐकलं नव्हतं, आणि फाटा मोठा आहे हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

तो म्हणाला, "माहीत होतं. आणि बोलली नाहीस."

"नाही."

"का?"

"ते माझे शिक्षक होते," मी म्हणाले. पुण्यात हे उत्तर कुणालाही कळलं असतं. त्या खोलीत ते बोलताना मला माझ्याच जिभेची किळस आली.

बायको म्हणाली, "आणि आता आम्हाला कशाला सांगतेस? तुला जरा हलकं वाटावं म्हणून?"

बाईचं चुकलं नव्हतं.

तो उठता उठता धाप लागून थांबला. "युअर मॅनला माहीत आहे?" त्यानं विचारलं. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस', म्हणजे सर. मी नाही म्हणाले. "मग त्याला सांग," तो म्हणाला. "तो बिचारा माझ्याकडे नजर वर करून बघत नाही." एवढं बोलून तो बायकोचा हात धरून बाहेर गेला.

तरीही मी सांगितलं नाही. ऑगस्ट तसाच गेला. अशा हृदयात शॉक देणारं यंत्र बसवायचं की नाही ते तीन महिन्यांनी ठरवतात, औषधांनी हृदय सावरतं का बघून. तो त्याआधीच, अकराव्या आठवड्यात गेला, सकाळी, चहाची किटली लावायला उठला होता तेव्हा.

इथे डॉक्टरांनी पेशंटच्या घरी जाणं फार होत नाही, पण सर म्हणाले, मी जाणार. मी म्हटलं, मी गाडी चालवते. घरात पुढच्या खोलीत तो उघड्या पेटीत होता, चांगला सूट घातलेला, हातात जपमाळ. दाराशी आम्ही दोघांनीही न बोलता बूट काढले. बाकी सगळे बूट घालून फिरत होते. बायको म्हणाली, घाला हो, फरशी गार आहे. लोक रांगेनं येत, तिचा हात हातात घेत, तुझ्या दुःखाबद्दल वाईट वाटतं म्हणत आणि पुढे जाऊन सँडविच खात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची मुलं गणवेशात उभी होती, अगदी लहान लहान. त्यांना त्या दिवशी कुणी दुसऱ्याच बसमधून आणलं होतं.

सरांची पाळी आली तेव्हा बायकोनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही त्याला तोंडावर खरं सांगितलंत," ती म्हणाली. "त्याला त्याचं फार होतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. सरांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असणार की मी अजून काही बोललेले नाही. तिनं माझाही हात धरला, रीत म्हणून, आणि सोडला.

परतीच्या रस्त्यावर, मोटरवेला लागल्यावर, मी सांगितलं. गाडी चालवत असल्यामुळे जमलं, त्यांच्याकडे बघावं लागत नव्हतं. "सर, त्या दिवशी नर्सनं तुम्हाला विचारलं होतं. दुसरी वायर टाकायची का म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत, मी मधेच नको म्हणाले. तुम्ही उगाच माझं ओझं वाहताय."

सर समोर बघत होते.

"मी ऐकलं होतं," ते म्हणाले.

मला वाटलं मीच नीट ऐकलं नाही. "काय सर?"

"ऐकलं होतं गं. मान वर करणार होतो. पडद्यावर मलाही तो फाटा जरा मोठाच वाटत होता. तेवढ्यात तू नको म्हणालीस." ते थांबले, चष्मा काढून हातात धरला. "म्हटलं, ही नेहमी आदल्या दिवशी मोजून येते. ही नको म्हणतेय म्हणजे मोजलाय, लहान असणार. तुझ्यावर सोडलं मी. नंतर वाटलं, मोजण्यात चुकली असेल पोर, होतं कधीतरी. म्हणून मीटिंगमध्ये तुझं नाव येऊ दिलं नाही."

बाजूनं गाड्या जात होत्या. खोटं बोलायची शेवटची संधी समोर होती, आणि एका क्षणासाठी, लाज वाटते सांगायला, ती मला हवीशी वाटली. हो सर, चुकलं मोजण्यात. एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणाले असते, जाऊ दे.

"मोजण्यात चुकलं नव्हतं, सर," मी म्हणाले. "अडीच होता. मला माहीत होतं."

त्यांनी चष्मा परत लावला नाही. एवढंच म्हणाले, "पुढे कुठे थांबता येतंय का बघ." पहिला पेट्रोल पंप आला तिथे मी गाडी आत घेतली. ते उतरले, कुंपणापर्यंत चालत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी गाडीतच बसून होते. कितीतरी वेळ ते परत आले नाहीत.